कनाडियातली मल्टी घ्यावी का?

लोकमान्यनगरकर
मंडळी, सल्ला हवाय. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी इंदूर महापालिकेच्या मल्टीतल्या, म्हणजे बहुमजली इमारतीतल्या फ्लॅटसाठी (प्रधानमंत्री आवास) फॉर्म भरायचा म्हणताहेत. सध्या केशरबागेच्या बाजूला एका खोलीत भाड्याने राहतात. नवरा हातगाडीवर भाजी विकतो, मुलगी यंदा दहावीला. फ्लॅट मिळाला तर तो कनाडियाकडे, म्हणजे शहराच्या बरोब्बर दुसऱ्या टोकाला. पोळ्यांची सगळी घरं इकडे, भाजीची गिऱ्हाइकं इकडे, शाळाही इकडेच. मावशींनी सरळ विचारलं, "दादा, घेऊ का?" मला पटकन हो म्हणता येईना.

त्यातूनच दुसरा प्रश्न निघाला. ही योजना २०१५ पासून चालू आहे. इंदुरात मल्ट्या उभ्या राहिल्यात हे डोळ्यांना दिसतं, नुसती घोषणा नाही. पण भूरी टेकरी बघा, सिंहासा बघा, कनाडिया बघा, सगळं शहराच्या काठाला. जिथे जमीन स्वस्त तिथे घर. मग हे घर मावशींना परवडणारं की पालिकेला? ओळखीत कुणी राहायला गेलं असेल तर त्यांचं काय झालं तेही सांगा. राजकारण नको, प्लीज.

छप्पनचा_भिया
घ्या म्हणा, डोळे मिटून. भाडं भरून हातात काय राहतं? पावतीसुद्धा नाही.
(आणि 'राजकारण नको' लिहिलंय म्हणजे तिसऱ्या प्रतिसादापासून सुरू होणार. लागली शर्यत.)

विटामाती
डोळे मिटून कांदेसुद्धा घेऊ नयेत भिया, हे तर घर आहे.

लोकमान्यनगरकर, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं एक उत्तर याच शहरात ऐंशीच्या दशकात देऊन झालंय. विजयनगरपुढची स्कीम ७८ माहीत असेल. तिचं नाव अरण्य. इंदूर विकास प्राधिकरणासाठी वास्तुविशारद बाळकृष्ण दोशींच्या वास्तुशिल्प फाउंडेशनने ती आखली. साधारण ८५ हेक्टर जमीन, ६,५०० च्या आसपास प्लॉट. सगळ्यात लहान ३५ चौरस मीटरचे आणि संख्येने तेच जास्त. पण गरिबाला तयार घर दिलंच नाही. जोतं, संडास-न्हाणी, नळ, एखादी खोली, बस्स. पुढचं ज्याचं त्याने, पैसा येईल तसं चढवायचं. कसं चढवता येईल ते कळावं म्हणून ८० नमुना घरं बांधून दाखवली. बाहेरून जिना, पुढे ओटा. ओट्यावर शिलाई मशीन ठेवायचं की किराणा मांडायचा हे घरवाला ठरवणार. मोठे प्लॉट बाजारभावाने विकून लहान प्लॉटांचा भार हलका केला. १९९५ साली या कामाला वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला. आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षाचं प्रत्येक पोर अरण्यची स्लाइड बघतं आणि नोकरीला लागलं की बिल्डरच्या टू-बीएचकेचे नकाशे काढतं.

मल्टीत ही सोयच नाही. ३० चौरस मीटर म्हणजे सव्वातीनशे चौरस फुटांच्या आतबाहेर. पोरगा मोठा झाला, लग्न झालं, सून आली, तरी तेवढंच.

उलटतपासणी
विटामाती, पुरस्काराच्या स्लाइडनंतरचीही एक स्लाइड दाखवा ना. स्कीम ७८ मध्ये शेवटचे कधी गेला होतात? लहान प्लॉट कितीतरी जणांनी विकले. घेणाऱ्याने वर मजले चढवले, भाडेकरू ठेवले. ओटा होता तिथे गाडी उभी. ज्याच्यासाठी आखलं तो तिथे उरला किती, हे कुठल्या पुरस्कार समितीने जाऊन मोजलं का?

विटामाती
विकले, मान्य. पण विकण्याजोगं काहीतरी हातात होतं म्हणूनच विकले ना? एखाद्याने त्या पैशात गावाकडे शेत सोडवलं असेल, दुसऱ्याने दुकान टाकलं असेल. तुम्ही-आम्ही फ्लॅट विकला की 'चांगला भाव आला' म्हणतो. त्याने विकला की योजना फसली!

शेव_परमल
सरकारने जमीन द्यायची, त्याने ती विकून पोरीचं लग्न उरकायचं आणि पुन्हा नाल्याकाठी झोपडं टाकायचं. मग पुढच्या निवडणुकीला पुन्हा पट्टा, म्हणजे बसल्या जागेचा सरकारी हक्काचा कागद. आपण भरा टॅक्स.

छप्पनचा_भिया
तिसरा म्हणालो होतो, पाचव्याला आलं. शर्यत हरलो. पोहे माझ्याकडून.

रामबाग
शेव_परमल, पट्ट्याची टिंगल करू नका. १९८४ चा कायदा आहे तो, अर्जुनसिंह मुख्यमंत्री होते तेव्हाचा. शहरात जे भूमिहीन जिथे बसले होते त्यांना तिथला पट्टा. निवडणुकीची गणितं त्यात असतीलच, नाही म्हणत नाही. पण उद्या बुलडोझर येणार नाही हे कळलं की माणूस पत्र्याच्या जागी वीट लावतो, हे मी आमच्या घरामागच्या वस्तीत वर्षानुवर्षं पाहिलंय. सरकारने एक कागद दिला, बाकी घर लोकांनीच बांधलं.

आणि दुसरी गोष्ट, जी आजच्या पोरांना ठाऊकच नाही. ऐंशीचं दशक संपता संपता इथे ब्रिटिश सरकारच्या मदतीने वस्ती सुधाराचं मोठं काम सुरू झालं, हिमांशु पारीख नावाच्या इंजिनिअरच्या डोक्यातून निघालेलं. त्यांनी काय पाहिलं, की वस्त्या बहुतेक नदी-नाल्यांच्या काठी, आणि शहराचं पाणीही उताराने तिकडेच जातं. मग गटाराची लाइन वस्त्यांमधूनच न्या. वस्तीला घरोघरी संडास मिळेल आणि खान-सरस्वती नद्यांत जाणारी घाणही अडेल. कुणाला उठवायला नको, हलवायला नको. यालाही आगाखान पुरस्कार मिळाला, १९९८ साली. एका शहराच्या गरीब वस्तीच्या दोन कामांना असा मान मिळाला, पण आम्ही बाहेरच्या पाहुण्याला सराफ्यातली दही-वड्याची उडती प्लेट दाखवतो.

उलटतपासणी
आणि मग चेंबर तुंबले, तेही सांगा काका. काही घरांनी जोडणीच घेतली नाही, लाइन साफ कुणी करायची हे ठरलं नाही. ते काम खरंच इतकं चाललं असतं तर पुढे नदीत पडणारे नाले बंद करायला पालिकेला पुन्हा सगळं खणावं का लागलं?

रामबाग
बांधताना सगळे येतात, फोटो काढतात. चेंबर उघडायला कुणी येत नाही. तो दोष लाइनचा नाही हो.

निवृत्त_नकाशा
बराच वेळ वाचतोय, आता लिहितो. मी हीच कामं केली आहेत. कुठे आणि कुणाकडे ते सोडा.

'पालिका काठावरच का बांधते' याचं उत्तर दुष्टपणा हे नाही. पालिकेला घर दाखवायचं असतं आकड्यात. केंद्राचे घरामागे दीड लाख, राज्याचा हिस्सा, हितग्राहीचं अंशदान (ज्याला घर मिळतं त्याने भरायचा वाटा), आणि उरलेला खड्डा पालिकेने भरायचा. तो भरायला त्याच परिसरात थोडे मोठे फ्लॅट, थोडी दुकानं बांधून विकायची. या हिशेबात जमिनीला किंमत धरली की गणित त्याच क्षणी कोसळतं. म्हणून जी सरकारी जमीन पडून आहे तीच घ्यायची, आणि शहराच्या मध्यात, राजवाड्यापाशी, सरकारी जमीन पडून राहत नाही.

बांधकाम तर यातलं सगळ्यात सोपं काम. कनाडियाचा लाइट हाउस प्रकल्प घ्या, केंद्राचा, नव्या तंत्राने घरं बांधून दाखवणारा. १ जानेवारी २०२१ ला सहा शहरांत एकदम पायाभरणी झाली: इंदूर, राजकोट, चेन्नई, रांची, आगरतळा, लखनौ. प्रत्येक ठिकाणी वेगळं तंत्र. आपल्याकडे १,०२४ घरं, लोखंडी सांगाडा आणि त्यात कारखान्यातून आलेले सँडविच पॅनल. विटांची थप्पी नाही, पाणी मारत बसणं नाही. तंत्र उत्तम. पण भिंत लवकर उभी राहिली म्हणून सिटी बस लवकर येत नाही आणि बँकवाला हातगाडीवाल्याला कर्जही लवकर देत नाही. पगाराची स्लिप नाही, रिटर्न नाही, जामीनदार नाही. नाव यादीत लागून अंशदानापायी अडकलेली माणसं मी टेबलासमोर उभी बघितली आहेत.

खरी मेख दुसरीकडेच आहे. खाजगी कॉलनी काढणाऱ्याने तिच्यातच काही प्लॉट गरिबांसाठी ठेवायचे, असा नियम आपल्या राज्यात कधीचा आहे. आणि त्याच नियमात पळवाटही होती: आश्रय शुल्क भरा आणि मोकळे व्हा. कोण ठेवेल मग आपल्या 'प्रीमियम टाउनशिप'मध्ये पोळ्यावाल्या मावशींचं घर? शुल्क भरलं, कॉलनी 'स्वच्छ' झाली. मावशी मात्र त्याच कॉलनीत सकाळी साडेसातला हव्यात. लोकमान्यनगरकर, तुमचा प्रश्न पालिकेला विचारलात तेवढाच आपल्यालाही विचारा.

शेव_परमल
म्हणजे शेवटी दोष आमचाच. वा!

तिसरा_मजला
मी मल्टीत राहते. कुठल्या ते नाही लिहीत. तुम्ही सगळे खूप शिकलेले लोक आहात, मी आपलं जे आहे ते सांगते.

घर चांगलं आहे. हे आधी. पहिल्या पावसात मी रात्री उठून भांडी ठेवायला गेले आणि थेंबच नव्हते. दार लावलं की आपलं. पोरीला आंघोळीला ताटकळावं लागत नाही. रजिस्ट्रीत माझं नाव आहे, नवऱ्याच्या आधी. हे लहान नाही.

आता बाकीचं. नवऱ्याची गाडी आहे, पाणीपुरीची. आधी दारापुढे उभी राहायची. इथे ती खाली खांबाला साखळीने बांधतो. कमिटीवाले म्हणतात पार्किंग मोटारसायकलींसाठी आहे, गाडी बाहेर ठेवा. बाहेर ठेवली तर चाकं जातील. म्हणून काच, शेगडी आणि छत्री रोज रात्री वर आणतो आणि दुपारी पुन्हा खाली नेतो. लिफ्ट चालू असली तर ठीक. बंद पडली की वर्गणी कोण देणार यावरून भांडण. निम्मे म्हणतात आम्ही पहिल्या मजल्यावर, आम्हाला लिफ्टचं काय? आमच्या जुन्या वस्तीत ना लिफ्ट होती ना मेन्टेनन्स.

मी आधी पाच घरं करत होते. दूर पडलं म्हणून तीन सुटली. इथे जवळच्या कॉलनीत दोन मिळाली, पण त्याला वेळ गेला. त्या मधल्या काळात हप्ता भरायला मंगळसूत्र मोडावं लागलं, ते अजून परत झालं नाही.

तरी विचाराल तर परत नाही जाणार. पण मावशींना सांगा की नुसता हप्ता मोजू नका. हप्ता, भाडं दोन्ही काही महिने एकत्र भरावं लागतं, त्यात मेन्टेनन्स आणि टेम्पोचे पैसे, आणि सुटलेली कामं. एवढं मोजून मगच हो म्हणा.

विटामाती
ताई, दंडवत. धाग्यातला सगळ्यात उपयोगी प्रतिसाद.

छप्पनचा_भिया
+१. भिंतीचं विचारायचं होतं ताई. त्या पॅनलच्या भिंतीत खिळा ठोकता येतो का? आमची आई विचारतेय, देवघर कुठे लावतात म्हणे.

तिसरा_मजला
आमची विटांची आहे भाऊ, तुम्ही म्हणता ती नव्हे. पण माझी बहीण तसल्या घरात आहे, तिने ड्रिल मारून स्क्रूने लावलंय. देव बसलेत व्यवस्थित.

गिरणीचा_भोंगा
या सगळ्यात नंदानगरचं नाव कुणीच काढलं नाही म्हणून राहवलं नाही. आमचे आजोबा गिरणीत होते. मजुरांसाठी त्या काळी उभी राहिलेली वसाहत ती, गुलझारीलाल नंदांच्या नावाची. घरं लहान, पण भोंगा झाल्यावर निघालं तरी माणूस पाळीला वेळेवर पोचायचा. तिथून गिरणी चालत. यात कुणाला काही शोधून काढावं लागलं नव्हतं.

मग १२ डिसेंबर १९९१ ला हुकुमचंद मिल बंद पडली. मजुरांच्या थकबाकीचे पैसे, २२४ कोटी, द्यायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. ४,८०० मजूर, त्यातले कितीतरी तोवर गेलेले. रांगेत त्यांच्या बायका आणि मुलं. ही रक्कम निघाली ती गिरणीच्या जमिनीतून, आणि ती जमीन गेली गृहनिर्माण मंडळाकडे. शहराच्या ऐन मध्यात ४२ एकरांच्या वर. निवृत्त_नकाशा साहेब म्हणतात राजवाड्यापाशी सरकारी जमीन पडून राहत नाही. ही होती की! तिथे मजुरांच्या नातवंडांना परवडेल अशी किती घरं येतात, ते मी बघत बसलोय.

निवृत्त_नकाशा
भोंगा, तुमचं बरोबर आहे, ती जमीन मी विसरायला नको होती. पण ती २२४ कोटी आणि बँकांची देणी गळ्यात घेऊन आली आहे. ज्याने एवढे पैसे मोजले तो ते वसूल करणार. म्हणजे मजुराची थकबाकी चुकवायला मजुराला न परवडणारी घरं विकायची. बसा आता कपाळाला हात लावून.

दूरदेशी
सिंगापूरहून लिहितेय, मूळची स्नेहलतागंजची. इथे १९६० मध्ये सरकारी गृहनिर्माण मंडळ निघालं आणि आज सुमारे ८० टक्के लोक त्याच्याच घरांत राहतात, डॉक्टरपासून टॅक्सीवाल्यापर्यंत. ९९ वर्षांची लीज. खालीच बाजार, शाळा, बस. इंदूरला का जमू नये?

उलटतपासणी
कारण तिथे जमीन जवळजवळ सगळी सरकारची आहे, आणि सरकारने ती घेताना मालकाला फारसं विचारलं नव्हतं. इथे सुपर कॉरिडॉरची (विमानतळाकडचा तो रुंद रस्ता) एक स्कीम काढा, कोर्टाच्या तारखा मोजत म्हातारे व्हाल.

खडकवासला
पुण्यात या, म्हाडाच्या सोडतीत नंबर लावा. लागला तर घर, नाही लागला तर सवय.

छप्पनचा_भिया
पुणेकर आले! कुणी तरी यांना चहा विचारा, ते काही स्वतःहून मागणार नाहीत.

खडकवासला
पोह्यांवर शेव घालणाऱ्यांशी आम्ही वाद घालत नाही.

भाडेकरू
पोह्यांचा वेगळा धागा आहे, तिकडे जा बुवा. मला एक कळत नाही, सगळे मालकीच्याच मागे का? मावशींना हवंय काय? कामाजवळ एक बरी खोली, नळ, स्वतःचा संडास, आणि मालक अचानक 'पुढच्या महिन्यात खाली करा' म्हणणार नाही याची खात्री. हे भाड्यानेही देता येतं. २०२० मध्ये लॉकडाउनला मजूर पायी गावी गेले, त्यानंतर केंद्राने भाड्याच्या घरांची योजना काढली होती. रिकामे पडलेले सरकारी फ्लॅट भाड्याने द्यायचे, अशी. चंदीगड-सुरतेत काही दिलेही. आवास योजनेच्या २०२४ च्या नव्या फेरीतही भाड्याच्या घरांचा वेगळा भाग आहे. पण भाड्याच्या घराची किल्ली देतानाचा फोटो तितका खास येत नाही बहुतेक.

मी स्वतः एका गृहनिर्माण संस्थेच्या प्लॉटची वाट बघत भाड्याने राहतोय. वडिलांनी पैसे भरले होते. प्लॉट नकाशावर आहे, जागेवर दुसऱ्याचं कुंपण आहे. त्यामुळे 'स्वतःच्या नावावर' या शब्दांनी माझ्या अंगावर काटा येतो.

शेव_परमल
भाडेकरू, याबाबत मात्र शंभर टक्के तुमच्या बाजूने. आमच्या काकांची डायरी आहे अजून, आठ पानी. प्लॉटची डायरी म्हणतात तिला, पैसे भरल्याची नोंद तेवढी, रजिस्ट्री कधी झालीच नाही. मावशींना एवढं नक्की सांगा, की कुणी नोटरीवर 'मल्टीतला फ्लॅट स्वस्तात मिळतोय' म्हणालं तर त्याच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. मिळालेले फ्लॅट ठरावीक वर्षं विकता येत नाहीत म्हणून लोक नोटरीवर फिरवतात. पैसे यांचे जातात, नाव दुसऱ्याचंच राहतं.

लोकमान्यनगरकर
सगळ्यांचे आभार. मावशींना प्रतिसाद वाचून दाखवले. तिसरा_मजला ताईंचा दोनदा वाचायला लावला आणि मग माझ्याकडून कागद-पेन घेऊन बसल्या. त्यांचा हिशेब असा निघाला, की मुलीची दहावी होईपर्यंत हलायचं नाही. नंबर लागून ताबा मिळेपर्यंत तसाही वेळ जाईल. फॉर्म मात्र आत्ताच भरायचा. भाजीचं काय, हे नवऱ्यावर सोडलंय. तो म्हणतो भाजी कनाडियालाही खातात.

एक अडचण आहे. खरगोनकडे सासऱ्यांच्या नावावर पक्कं घर आहे. त्यावरून नाव कटेल का?

निवृत्त_नकाशा
सासऱ्यांच्या नावावर आहे तोवर नाही. योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. या कुणाच्याही नावावर देशात कुठेही पक्कं घर नको. सासऱ्यांनी मध्येच वाटणी करून मुलाच्या नावावर चढवलं तर मात्र गेलं, तेव्हा हा विषय तूर्त गावात काढूच नका. गेल्या २० वर्षांत सरकारी घर मिळालेलं नको, वर्षाचं उत्पन्न तीन लाखांच्या आत हवं. आधार सगळ्यांचं, आणि समग्र आयडीत (राज्य सरकारचा कुटुंबाचा ओळख क्रमांक) मुलीचं नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळतेय ना ते आधी बघा. निम्मे फॉर्म तिथेच अडतात. घर मावशींच्या नावावर किंवा दोघांच्या. फॉर्मला दलाल लागत नाही. कुणी 'यादीत नाव घालून देतो' म्हणाला तर त्याला माझ्याकडे पाठवा.

छप्पनचा_भिया
साहेब, पत्ता द्या, रांग लागेल.

निवृत्त_नकाशा
म्हणूनच देत नाही.